डाळ कुठल्या पाण्यात शिजते? बहुशाखीय पीएचडी करू पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय. पाण्यातलं फ्लोराइड काढणारा नवा शोषक तयार करायचा, असा पीएचडीचा विषय ठरला होता. आता समिती म्हणते, नुसतं रसायन नको, विषय बहुशाखीय करा. गावात सर्वेक्षण घ्या, एखादा फिल्टर बनवा आणि मशीन लर्निंगचं एक प्रकरण घाला. गाईड म्हणतात, "करून टाक, हल्ली तेच चालतं." सर्वेक्षण कधी केलेलं नाही, प्रोग्रॅमिंग येत नाही, हातात साडेतीन वर्षं आहेत. करावं का, आणि करायचं तर कसं?

मी विदर्भात पंचवीसेक वर्षं पाण्याच्या रसायनावर काम करतोय. माझ्याही हातून असे दोन प्रकल्प झाले. एक पार फसला, दुसरा बऱ्यापैकी जमला. करा, असंच मी सांगेन. पण समितीनं सांगितलंय त्या पद्धतीनं करू नका. एक प्रकरण रसायनाचं, एक सर्वेक्षणाचं, एक यंत्राचं, एक संगणकाचं, असे चार डबे एकामागे एक जोडले की गाडी होत नाही, कारण मधल्या कड्याच नसतात. व्हायवाला बाहेरचा परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो: "या सर्वेक्षणामुळे तुमच्या शोषकात काय बदललं?" उत्तर "काही नाही" असेल, तर ते प्रकरण भरतीचं.

आधी माझ्या फसलेल्या प्रकल्पाविषयी. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत आम्ही हापशांचे नमुने घेतले. पांढरकवड्याच्या बाजूला भूजलात फ्लोराइड आहे हे तेव्हा छापूनही आलं होतं, त्यामुळे जागा निवडण्यात चूक नव्हती. प्रयोगशाळेत आकडे काढले, आणि जिथं लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तिथं घरगुती फिल्टर दिले. वर्षभरानं जाऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त फिल्टर कोपऱ्यात पडलेले. एकात ज्वारी भरून ठेवली होती. आमच्या अहवालात त्याचं कारण आलं "जनजागृतीचा अभाव". अभ्यासकाला काही कळलं नाही की तो हेच लिहितो, आणि आम्हीही तेच केलं.

खरं कारण दोन वर्षांनी हाती आलं, तेही आमच्यातल्या कुणाला नाही. समाजकार्य शिकलेली एक मुलगी आमच्याबरोबर यायची. ती प्रश्नावली बाजूला ठेवून बायकांशी चुलीपाशी बसून बोलायची. एक आजी तिला म्हणाल्या, "माय, विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाही. हापशाच्या पाण्यात कशी लोण्यावानी होते." आम्ही ज्या हापशावर लाल खूण करून आलो होतो, तोच हा हापसा. संध्याकाळी जेवताना तिनं हे गंमत म्हणून सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला.

कारण ते शुद्ध रसायन आहे. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड फार काळ विरघळलेलं राहू शकत नाही, ते कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. फ्लोराइड टिकतं ते कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त अशा अल्कधर्मी पाण्यात, म्हणजे मऊ पाण्यात. डाळीचंही तसंच आहे. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर दाण्यातलं पेक्टिन घट्ट धरून राहतं आणि डाळ दडस राहते. बायकार्बोनेटवालं मऊ पाणी तिला झटकन शिजवतं. आपण हरभऱ्यात चिमूटभर सोडा टाकतो तो याचसाठी. ज्या गुणामुळे त्या पाण्यात फ्लोराइड साठतं, त्याच गुणामुळे बाईला ते स्वयंपाकासाठी हवं असतं. तिला सरपण वाचवायचं असतं. तिच्या दृष्टीनं आम्ही चांगल्या पाण्याला वाईट म्हणत होतो.

एवढ्या एका वाक्यानं चारही शाखांना काम मिळालं. पुढं सगळ्या गावांत आम्ही एकच प्रश्न विचारायला लागलो: "डाळ कुठल्या पाण्यात लवकर शिजते?" त्या उत्तरावरून कुठल्या हापशाचं पाणी आधी तपासायचं ते ठरायचं. प्रत्येक वेळी अंदाज बरोबर येतो असं नाही. मऊ पाण्यात फ्लोराइड असेलच असं कुठं आहे? पण आंधळेपणानं रस्त्याकडेचे हापसे तपासत सुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं. फिल्टरचंही गणित बदललं. घरातलं सगळं पाणी गाळायची गरजच नव्हती, पण पिण्याबरोबर डाळीचं पाणी धरणं भाग होतं. डाळ-भाजीतून पोटात जाणारं फ्लोराइड आमच्या पहिल्या हिशेबात कुठंच नव्हतं.

तुमच्या प्रश्नाची मेख इथं आहे. प्रत्येक शाखेचं मोजण्याचं एकक वेगळं असतं. रसायनवाल्याचं एकक नमुन्याची बाटली, अभियंत्याचं यंत्र, समाजशास्त्रज्ञाचं कुटुंब किंवा माणूस, आणि संगणकवाल्याचं तक्त्यातली ओळ. बाटलीवर लिहिलेलं असतं "हापसा क्रमांक 3". पण माणूस एकाच हापशाचं पाणी पीत नाही. सकाळी घरी नळाचं, दुपारी शेतातल्या विहिरीचं, मुलगा शाळेतल्या टाकीचं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 मध्ये फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही 1.5 च. हे सगळं पाण्याविषयी झालं, शरीरात किती गेलं ते वेगळंच. दीड मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला दोन लिटर पिणाऱ्या कारकुनाच्या पोटात 3 मिलिग्रॅम जातात. मे महिन्यात रोजगार हमीच्या कामावर पाच लिटर पिणाऱ्या बाईच्या पोटात त्याच हापशातून साडेसात जातात. तिचा चहा वेगळाच, कारण चहाच्या पानातही फ्लोराइड असतं. बाटलीचं एकक माणसाच्या एककात बदलणं हे तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम असेल. तिथं सर्वेक्षण लागतं, आणि ते कशाला लागतं हेही तिथंच कळतं.

हे आपल्याकडेच घडलं असं समजू नका. बांगलादेशात 1970 च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. तळ्यातल्या पाण्यानं मुलं जुलाबानं मरत होती, म्हणून हेतू चांगलाच होता. त्या पाण्यात अर्सेनिक तपासायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सीमेच्या अलीकडे, कोलकात्यात, त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी 1983 मध्येच अर्सेनिकचे रुग्ण ओळखले होते. बांगलादेशात ते 1993 मध्ये उघड झालं. पुढं जवळपास 50 लाख कूपनलिका जागेवर तपासून लिटरला 50 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर लाल आणि खाली असेल तर हिरवा असा रंग दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 आहे, पण तिथल्या सरकारची 50 होती. त्या भागात दोन घरांमधल्या अंतरात लाल आणि हिरवी नळी शेजारीशेजारी असू शकते. मग उपाय सोपा वाटतो: शेजाऱ्याच्या हिरव्या नळीवर जा. पण ती नळी शेजाऱ्याच्या अंगणात असते. सुनेनं तिथं दिवसातून पाच वेळा जायचं का, शेजाऱ्याशी बोलणं आहे का, तो कंटाळेल का? भूगर्भशास्त्रानं उत्तर दिलं होतं, पण ते उत्तर अंगणाच्या कुंपणाशी येऊन थांबलं. बऱ्याच लोकांनी नळी बदललीही, हे सांगायला हवं. काही ठिकाणी या एका रंगानं महागड्या यंत्रांहून जास्त काम केलं.

आपल्याकडे तर कुंपण आणखी जुनं आहे. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर काय झालं ते शाळेत शिकलेल्या माणसानं गावात जाऊन "तुम्ही पाणी कुठून भरता?" एवढंच विचारून परत यायचं नसतं. कुठल्या वस्तीतून कुठल्या पाणवठ्यावर कोण जात नाही, हेही पाहायचं असतं. ते प्रश्नावलीत विचारून कळत नाही. सकाळी सहाला हापशापाशी जाऊन उभं राहिलात की कळतं.

सर्वेक्षणाची एक युक्ती सांगतो, कारण तुम्ही नवखे आहात. "फिल्टर वापरता का?" असं विचारलं की शंभरातले नव्वद "हो" म्हणतात. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून विचारूच नका. पाणी मागा, आणि ते कुठून आणून देतात ते बघा. फिल्टरची तोटी कोरडी आहे का, झाकणाला कोळिष्टक आहे का, बघा. याला निरीक्षणाची नोंद म्हणतात आणि समाजशास्त्रात ती पूर्ण मान्य आहे. घराघरांत जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. रसायनवाल्यांना ही पायरी माहीतच नसते, आणि मागाहून घेतलेली मंजुरी चालत नाही. गावाचं नाव छापायचं की नाही हेही आधीच ठरवा. फ्लोराइडमुळे दातांवर डाग असलेल्या गावातल्या मुलींची लग्नं अडतात, ही कुजबूज मी स्वतः ऐकली आहे. तुमच्या शोधनिबंधातल्या नकाशावरचा ठिपका कुणाच्या तरी सोयरिकीच्या आड येऊ शकतो.

आता तुमच्या घरच्या आखाड्यात येऊ. फ्लोराइड काढण्याची आपल्याकडची सर्वांत नावाजलेली रीत म्हणजे नलगोंडा पद्धत. गावाचं नाव तेलंगणातलं असलं तरी ती विकसित केली नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढंच सामान. पाण्यात तुरटी आणि तिच्या साधारण विसाव्या भागाइतका चुना घालून दहा मिनिटं ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. सामान किराणा दुकानात मिळतं हे तिचं मोठेपण. गाळ राहतो, पाण्यात सल्फेट वाढतं, चव बदलते, हे तिचं दुखणं.

इथं एक सापळा आहे आणि त्यात मी पडलेलो आहे. तुरटीनं किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या शोषकानं प्रक्रिया केलेल्या पाण्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम विरघळून राहतं. ते फ्लोराइडला धरून बसतं. तुम्ही एसपीएडीएनएस रंगपद्धतीनं (रंगाच्या छटेवरून फ्लोराइड मोजायची रीत) मोजलंत, तर यंत्राला ते फ्लोराइड दिसतच नाही. आकडा कमी येतो, आणि तुम्ही खूश होऊन "90 टक्के निष्कासन" लिहून मोकळे होता. प्रत्यक्षात फ्लोराइड पाण्यातच असतं, अ‍ॅल्युमिनियमचा हात धरून. म्हणून आयन-निवडक इलेक्ट्रोड वापरा आणि टिसॅब बफर (मोजण्याआधी नमुन्यात मिसळायचं द्रावण) सढळ हातानं घाला. त्यातला सीडीटीए, म्हणजे धातूला बांधून ठेवणारा घटक, अ‍ॅल्युमिनियमला आपल्याकडे ओढतो आणि फ्लोराइड मोकळं होतं. तरीही शंका असेल तर नमुन्यात ओळखीचं फ्लोराइड मिसळून किती परत मिळतं ते तपासा. इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे फ्लोराइड दहापट झालं की व्होल्टेजमध्ये पडणारा फरक, 59 मिलिव्होल्टच्या आसपास असायला हवा. तो 50 वर आला असेल तर आकडे लिहू नका, इलेक्ट्रोड साफ करा. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे आकड्यात सुमारे 4 टक्क्यांची चूक, आणि मे महिन्यात पंखा नसलेल्या प्रयोगशाळेत मिलिव्होल्ट इकडचा तिकडे व्हायला वेळ लागत नाही. उरलेलं अ‍ॅल्युमिनियमही स्वतंत्र मोजा. त्याची मर्यादा 0.03 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 0.2.

नवा शोषक शुद्ध पाण्यात फ्लोराइडची गोळी विरघळवून तपासू नका. म्हणजे सुरुवातीला एकदा तपासा हवं तर, पण निबंधात त्याचा तोरा मिरवू नका. खऱ्या फ्लोराइडच्या पाण्यात बायकार्बोनेट ठासून भरलेलं असतं, सामू (पीएच) आठच्या वर असतो, आणि शोषक म्हणून नेहमी वापरलं जाणारं सक्रिय अ‍ॅल्युमिना चांगलं काम करतं ते साडेपाच-सहाच्या आसपास. ज्या पाण्यात डाळ शिजते तेच कॅनमध्ये भरून आणा आणि त्यावर तपासा. निम्म्याहून जास्त "क्रांतिकारी" शोषक तिथंच गार पडतात.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही. तुमच्याकडे वेळ नाही, आणि अभियांत्रिकीचा एखादा सहकारी हे तुमच्यापेक्षा चांगलं करेल. एवढंच विचारा: शोषक फ्लोराइडनं भरून गेल्यावर तो पुन्हा ताजा कोण करणार? सक्रिय अ‍ॅल्युमिनाला आधी कॉस्टिक सोडा आणि मग आम्ल लागतं. ते घरच्या बाईनं करायचं असेल तर यंत्र कागदावरच ठेवा. अर्सेनिकसाठी अबुल हुसाम यांनी केलेल्या सोनो फिल्टरला 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचं 10 लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यात लोखंडाची एक सच्छिद्र घडण, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे होते, वीज नव्हती. हुसाम स्वतः विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ. म्हणजे तुमच्याच जातकुळीतला माणूस.

मशीन लर्निंगची भीती वाटतेय, पण खरा धोका उलट बाजूनं आहे. ते फार सोपं झालंय. पंधरा ओळींचा कोड चालवला की 95 टक्के अचूकता पडद्यावर येते, आणि ती बहुतेक वेळा खोटी असते. कसं ते सांगतो. एका गावातले आठ हापसे घेतले. त्यांतले सहा शिकवायला गेले आणि दोन परीक्षेला. गाव एक, खडक एक, पाऊस एक. संगणकानं रसायन शिकलेलं नसतं, गाव पाठ केलेलं असतं. शेजारच्या मुलाच्या वहीतून उत्तर लिहून पहिला आलेल्या पोरासारखं. म्हणून विभागणी करताना पूर्ण गाव, शक्य असेल तर पूर्ण तालुका बाजूला ठेवा आणि न पाहिलेल्या तालुक्यावर परीक्षा घ्या. आकडा 95 वरून घसरेल. घसरलेलाच आकडा छापा.

साठ नमुने आणि चौदा रकाने असतील तर न्यूरल नेटवर्कच्या वाटेला जाऊच नका. भारताच्या भूजलातल्या फ्लोराइडचा एक चांगला नकाशा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, स्वित्झर्लंडच्या एअवाग या जलसंशोधन संस्थेचे अभ्यासक आणि नीरीचे संशोधक यांचं काम. त्यांच्याकडे बारा हजारांहून जास्त मोजमापं होती, पद्धत रँडम फॉरेस्ट या मशीन लर्निंगच्या रीतीची, आणि सुमारे 12 कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज निघाला. तुमच्याकडे साठ आहेत. त्या साठांचं एकच काम करा. आधी प्रत्येक नमुन्याचा आयनांचा ताळेबंद काढा. धन आणि ऋण भार 5 टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर तो नमुना पुन्हा तपासा. मग एका अक्षावर कॅल्शियम, दुसऱ्यावर फ्लोराइड असा साधा आलेख काढा. ठिपके खाली उतरताना दिसले तर गोष्टीचा अर्धा भाग तुमच्या हाती आला. मग त्या ठिपक्यांना रंग द्या: ज्या पाण्यात डाळ शिजते ते हिरवे, नाही ते करडे. चारातल्या तीन शाखा एका कागदावर आल्या, आणि समितीला दाखवायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

एकट्यानं हे सगळं करायचं नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. समाजशास्त्र किंवा समाजकार्य विभागातला कुणी शोधा, पण नुसती सही करणारा नको, तुमच्याबरोबर एकदा तरी गावात मुक्कामाला येणारा पाहा. लेखकांच्या क्रमाचं पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. आपल्याकडे राबणाऱ्याचं नाव पहिलं, अर्थशास्त्रात पुष्कळदा वर्णानुक्रम असतो, आणि संगणकवाल्यांना परिषदेतला निबंध जर्नलइतकाच किंवा जास्त मोलाचा वाटतो. आपली समिती मात्र परिषद म्हटलं की नाक मुरडते. हे आधी बोललं नाही तर शेवटच्या वर्षी चांगली मैत्री तुटते. माझी एक तुटली आहे.

आणि हो, "बहुशाखीय" शब्दानं दुसराही एक धंदा उभा केलाय. समाजशास्त्र, अभियांत्रिकी, संगणक, रसायन, योग, वाणिज्य, सगळं एकाच अंकात, सात दिवसांत स्वीकार, पैसे भरा आणि प्रमाणपत्र घ्या, अशा नियतकालिकांचे ईमेल तुम्हाला येत असतीलच. 2022 च्या नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय ते बघून घ्या, पण घाईनं तिथं पैसे घालू नका. चार शाखांचा निबंध तपासायला चार शाखांचे लोक लागतात, ते सात दिवसांत होत नाही.

पहिल्या सहा महिन्यांचं म्हणाल तर शोषकाला हात लावू नका. तीन गावं निवडा, एक पावसाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर अशा दोन फेऱ्या करा. प्रत्येक गावात दोन रात्री मुक्काम. कुठल्या घरी कुठलं पाणी कशाला वापरतात याचा कागदावर नकाशा काढा, आणि मगच बाटल्या भरा. बाटल्या प्लास्टिकच्या घ्या, काचेच्या नकोत. फ्लोराइडला आम्ल घालायची गरज नाही. सोबत अर्सेनिक किंवा लोह तपासायचं असेल तर त्याची बाटली वेगळी, आम्ल घातलेली. लेबलवर हापशाचा क्रमांक, तारीख, वेळ आणि त्या दिवशी तिथं पाणी भरत असलेल्या घरांचे सांकेतिक क्रमांक लिहा. आणि लिहायला पेन्सिल वापरा. बर्फाच्या डब्यात शाई ओघळते. आमच्या एका फेरीतल्या चाळीस बाटल्या परत आल्या तेव्हा त्यांच्यावर निळ्या डागांखेरीज काहीच उरलं नव्हतं.